समाधानी रुग्ण

आत्याला आजारी बाईचं काम मिळालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आतोबांना झाला, कारण त्या कामात दिवसभर झोपून राहायचं होतं. गेल्या काही महिन्यांत नाटकाच्या प्रयोगात ती दोनदा चक्कर येऊन पडली होती. एकदा तर थेट सेटवरच्या खिडकीवर, आणि मग खिडकीसकट खाली. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या म्हणाली, विग घट्ट आहे. आतोबा म्हणाले, डॉक्टरकडे जाऊ. आत्या म्हणाली, आधी विग बदलून बघू.

माझी आत्या आयुष्यभर रंगभूमीवर दुय्यम कामं करत आली. नायिकेची आई, नायकाची मावशी, खडूस शेजारीण, आणि एका नाटकात तर अख्खा पहिला अंक प्रेत. त्या प्रेताबद्दल ती अजून अभिमानाने बोलते, कारण ऐन अंकात तिला शिंक आली होती आणि तिने ती गिळली होती. आतोबा त्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून कुजबुजणं हा त्यांचा धंदा, आणि तो त्यांच्या अंगात इतका मुरलेला की घरात साधं "मीठ दे" म्हणाले तरी काहीतरी कट शिजतोय असं वाटावं. माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या घराच्या बरोब्बर खाली. वर काय चाललंय ते मला सगळं ऐकू यायचं. म्हणजे आत्याचं. आतोबांचं अंदाजाने.

हे काम आणलं सप्लायरने. त्याचं खरं नाव कुणालाच आठवत नाही, त्याची बायकोही त्याला सप्लायरच म्हणते. खुर्च्या, पडदे, जनरेटर, फुलांच्या कुंड्या, आणि वेळ पडली तर गर्दी, असं सगळं तो पुरवतो. आमच्या नाटकाला फारच रिकामं असलं की पुढच्या चार रांगा त्याच्याच.

"ताई, एकदम साधं काम आहे," तो म्हणाला. "आपल्या सरकारी दवाखान्यात परवा तपासणी समिती येतेय. बायकांच्या वॉर्डात थोडे पेशंट हवेत. स्वच्छ, नीटनेटके, बोलके."

"का, दवाखान्यात पेशंट नाहीत?" आत्याने विचारलं.

"आहेत की. पण ते फार आजारी आहेत."

आत्याच्या वाट्याला न्यूमोनियातून बरी होत असलेली बाई आली होती. वाक्यं तीन. इथे सगळं वेळेवर मिळतं. डॉक्टर अगदी देवमाणूस आहेत. बाहेरून एक गोळीसुद्धा आणावी लागली नाही. आत्याने विचारलं, ही बाई करते काय, हिला मुलंबाळं किती, न्यूमोनिया झाला तो पावसात भिजून की कसा? सप्लायर कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "अहो ताई, तीनच वाक्यं आहेत."

"वाक्यं तीन असली तरी बोलणारं माणूस अख्खं असतं," आत्या म्हणाली. त्यावर त्याने मुकाट्याने दोन मुलं आणि पाऊस मान्य केला.

नातेवाईकही हवे होते. आतोबा नवरा म्हणून ठरले, त्यासाठी वेगळी तालीम लागणार नव्हती. मुलगी म्हणून मला घेतलं. मी आधी कुरकुरले. "आत्या, हे सरळसरळ खोटं आहे गं."

"मी जन्मभर खोटंच बोलत आलेय," ती म्हणाली, "आणि लोकांनी तिकीट काढून ऐकलंय."

हंगाम मंदीचा होता, घरात कामाची गरज होती, हेही खरं. मी दुकानाचं शटर ओढलं आणि गेले.

वॉर्डात ताज्या रंगाचा असा वास होता की धडधाकट माणसालाही न्यूमोनिया व्हावा. चादरींवर अजून पाकिटातल्या घड्या होत्या. खिडक्यांना निळे पडदे, दाराशी कुंड्या, आणि पलंगांच्या एका रांगेला उशाशी छोटे मॉनिटर, त्यांच्यावर हिरवी रेघ टुणटुण उड्या मारत चाललेली. संडासाला कुलूप होतं. किल्ली कुठे विचारलं तर सप्लायरचा माणूस म्हणाला, "समिती बघून गेली की उघडू. तोवर कळ काढा."

आत्याने गाऊन चढवला, केस जरा विस्कटले, डोळ्यांखाली बोटाने थोडी काजळी ओढली आणि पलंगावर आडवी झाली. उशी सारखी करताना तिच्या हाताला काहीतरी लागलं. दोऱ्याचं एक रीळ आणि दम्याचा पंप.

वॉर्डची मुख्य सिस्टर तिथेच उभी होती. धिप्पाड बाई, पण चेहरा असा की महिनाभर झोपली नसावी. आत्याने तिला विचारलं, "सिस्टर, हे कुणाचं?"

सिस्टरने पंप पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "या बेडवरच्या बाईचा. शिवणकाम करते ती. रात्रीपासून धाप लागलीय तिला."

"मग ती कुठाय?"

सिस्टरने हनुवटीने खिडकीकडे खूण केली. खिडकीबाहेर अंगण, अंगणापलीकडे पत्र्याचं छप्पर. "लाँड्रीच्या गोदामात. सगळ्या जणी तिथेच आहेत. संध्याकाळी परत आणणार म्हणालेत."

"आणि पंप इथे?"

पंप मुठीत घेऊन सिस्टर जवळजवळ पळतच गेली. आत्या उठून बसली होती, ती पुन्हा आडवी झाली, पण आता तिचं कामात लक्ष नव्हतं. "ऐकलंस?" ती मला म्हणाली. "मी कुणाच्या तरी अंथरुणावर झोपलेय."

समिती आली. पुढे अध्यक्ष, हातात पुष्पगुच्छ, नजर घड्याळावर, कारण जेवणाची वेळ होत आली होती. त्यांच्या शेजारी दवाखान्याचे अधीक्षक, सडसडीत, अत्तराचा घमघमाट, बोलताना दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायची सवय. मागे आणखी दोघे जण माना हलवत. आणि सगळ्यांच्या मागे एक ठेंगणी डॉक्टरीणबाई. ती बाकीच्यांसारखी चालत नव्हती, जागोजागी थांबत होती. नळ उघडून पाहायची, बटण दाबून पाहायची, पडद्यामागे डोकवायची. अधीक्षकांचं अर्धं लक्ष अध्यक्षांकडे आणि अर्धं तिच्या बोटांकडे.

"काय बाई, कसं वाटतंय आता?" अध्यक्षांनी आत्याला विचारलं.

"बरं वाटतंय, साहेब," आत्या क्षीण हसली. त्या हसण्यात दोन मुलं आणि पाऊस होता. "इथे सगळं वेळेवर मिळतं. डॉक्टर तर अगदी देवमाणूस आहेत."

अधीक्षक लाजले. दारातून सप्लायरने अंगठा वर केला. आता तिसरं वाक्य यायचं होतं, आणि ते आलंच नाही.

"बाहेरून एक गोळीसुद्धा," स्टुलावरून आतोबा कुजबुजले. इतक्या वर्षांत आत्या वाक्य विसरली नव्हती, म्हणून ते जरा चकितच झाले होते. "बाहेरून एक गोळीसुद्धा…"

आत्याचे डोळे वर गेले आणि मान उशीवरून कलंडली.

अधीक्षक पटकन वाकून तिच्या कानात म्हणाले, "बाई, इतकं नको. तुम्ही बऱ्या होताय."

डॉक्टरीणबाई मात्र माणसं बाजूला सारत पुढे आली. तिने आत्याचं मनगट धरलं आणि स्वतःच्या घड्याळाकडे पाहत राहिली. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मॉनिटर लावा यांना."

"लावलेलाच आहे, मॅडम," अधीक्षक म्हणाले. "ही बघा ना रेघ, किती छान चाललीय."

"रेघ आहे. पण वायर कुणालाच जोडलेली नाही." ती वळली. "हे कुणाचं हृदय चाललंय, सांगता का मला?"

कुणाचंच नव्हतं. यंत्र दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवतात तसं नुसतंच चालू करून ठेवलं होतं. एव्हाना सिस्टर परत आली होती. तिने भराभर वायरी काढल्या, आत्याच्या छातीवर चिकटवल्या, दोन बटणं दाबली. ती देखणी रेघ गायब झाली आणि तिच्या जागी दुसरी आली, रेंगाळत, अडखळत, दोन ठोक्यांमध्ये इतकी थांबणारी की आता पुढचा येतो की नाही असं वाटावं. सप्लायरने त्या दिवशी वॉर्डात भरलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच खरी होती. आतोबा अजून पुटपुटत होते, "बाहेरून एक गोळीसुद्धा, बाहेरून…" मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ते थांबले.

अध्यक्षांनी "काळजी घ्या हं" म्हणून पुष्पगुच्छ तिच्या पायाशी ठेवला आणि पुढच्या वॉर्डकडे निघाले. डॉक्टरीणबाई थांबली. अधीक्षकांनाही थांबावं लागलं.

आत्याने डोळे उघडले. "मला न्यूमोनिया आहे," ती म्हणाली. पट्टीची नटी, भूमिका सोडत नव्हती.

"तुम्हाला न्यूमोनिया नाही."

"आहे हो. बरा होतोय."

"तुमच्या हृदयाचे ठोके निम्म्यावर आलेत," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली. "आधी कधी चक्कर आली होती?"

"दोनदा," आतोबा कुजबुजले. "एकदा खिडकी घेऊन."

"काय घेऊन?" तिला वाकून कान पुढे करावा लागला. मी सगळं सांगितलं. विगचंही.

आत्या अधीक्षकांकडे एकदा बघून म्हणाली, "डॉक्टर, एक सांगते. मी पेशंट नाहीच. मी नटी आहे. मला इथे झोपायला आणलंय."

अधीक्षकांच्या तळव्यांचं चोळणं थांबलं.

"असेल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण आता पेशंटही आहात. ऐका. वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्यापर्यंत पोचत नाहीये. त्यासाठी पेसमेकर बसवावा लागतो, काडेपेटीएवढं यंत्र असतं. माझ्या हॉस्पिटलात आम्ही रोज बसवतो, तेही सरकारीच आहे. इथून गाडीने दोन तासांचा रस्ता. मी पुढे जाऊन तयारी करते." मग अधीक्षकांना, "अँब्युलन्स आत्ताच्या आत्ता. सिस्टर सोबत येतील, आणि हा मॉनिटर सोबत येईल. वाटेत एक क्षणही काढायचा नाही. आणि मी जेवायला येत नाही, अध्यक्षांना सांगा."

ती निघणार तोच आत्याने तिच्या कोटाची बाही धरली. "खऱ्या बायका मागे आहेत. लाँड्रीच्या गोदामात."

डॉक्टरीणबाईने अधीक्षकांकडे पाहिलं.

"हवापालटासाठी, मॅडम," अधीक्षक म्हणाले. "फक्त दिवसापुरतं."

डॉक्टरीणबाई अंगणातून तरातरा गेली, गोदामाचं दार ढकलून आत शिरली, आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला खिडकीतून ओळखूच आला नाही. वॉर्डात परत येऊन तिने आतोबांच्या हातात स्वतःचा नंबर दिला, "काहीही अडलं की फोन करा" म्हणाली आणि गेली.

अँब्युलन्स काही येईना. आम्ही वाट पाहत होतो. तेवढ्यात समितीची गाडी फाटकाबाहेर पडली आणि वॉर्डात एकच धांदल उडाली. सप्लायरच्या माणसांनी पडदे उतरवले, कुंड्या उचलल्या, चादरी ओढल्या. पलीकडची क्षयरोगी उठून केस विंचरायला लागली, मधुमेहाची बाई पलंगाखाली चपला शोधू लागली. आमची नाटक कंपनी सेट उतरवण्यात पटाईत समजली जाते, पण हा झपाटा पाहून आतोबांनाही मान डोलवावी लागली.

सप्लायर हात चोळत आमच्याकडे आला. "ताई, पॅकअप! झकास झालं काम. चक्कर तर एक नंबर."

"ती खरी होती," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय ना मी! अगदी खरी वाटली."

"अहो, खरीच होती! हृदयाचा आजार आहे तिला!"

तो हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. माणूस तसा वाईट नव्हता. "अरेरे," तो म्हणाला. "पण मग त्यांना दुसरीकडे हलवू. हा मॉनिटर मला परत पोचवायचाय. अधीक्षक साहेबांच्या मेहुण्याच्या नर्सिंग होममधून आणलेत हे सगळे, एका दिवसाच्या बोलीवर. गाद्यापण." त्याने मान हलवली तसा एक माणूस पुढे होऊन वायरीकडे हात न्यायला लागला.

आतोबा उठले आणि पलंग व त्या माणसाच्या मध्ये उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. ते काहीतरी बोलले, पण इतक्या हळू की त्या माणसाला "काय?" म्हणून वाकावं लागलं. मग सप्लायर वाकला. मग बाकीचे हातातली कामं टाकून जवळ आले, आणि सगळ्या वॉर्डात शांतता पसरली.

"मी म्हणालो," आतोबा त्याच आवाजात म्हणाले, "ही माझी बायको आहे. नाटकातली नाही. तुम्ही वायर काढलीत आणि तिला काही झालं, तर मी इथेच बसेन, आणि जो येईल त्याला तुमचं नाव सांगत राहीन. मला पाठांतराची सवय आहे."

माणसाने हात मागे घेतला.

तेव्हा सिस्टर पुढे आली. "आणि परत कुठे नेताय हा?" ती म्हणाली. "हा आमचाच आहे. मागच्या वर्षी सरकारातून आले होते हे. खोकी मी स्वतः फोडली. आठवडाभर इथे राहिले, मग दुरुस्तीला म्हणून जे गेले ते गेलेच. ही चीर बघा कोपऱ्याला. औषधाची ट्रॉली माझ्याच हातून आदळली होती, बोलणीसुद्धा खाल्ली होती मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"बोलले की. मला सक्तीच्या रजेवर पाठवलं."

सप्लायर कधी चिरेकडे बघे, कधी सिस्टरकडे. "म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "सरकारचाच माल मी सरकारला भाड्याने दिला?" त्याला राग आला होता की कौतुक वाटत होतं, ते अजून सांगता येत नाही.

पण त्याच्या माणसांना हे काही कळत नव्हतं, त्यांना ट्रक भरायचा होता. पलीकडच्या दोन गाद्या उचलून ते निघालेच होते. आत्या मघापासून गप्प पडून होती. तिने खिडकीकडे तोंड केलं आणि, सिस्टर "अहो बाई, नको" म्हणेपर्यंत, तो आवाज काढला ज्यावर ती माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचत आली होती.

"अगं ए, गोदामातल्या बायांनो! तुमच्या गाद्या चालल्या! या लवकर!"

"ओरडू नका!" सिस्टर मॉनिटरकडे बघत किंचाळली.

"ओरडत नाहीये," आत्या धापा टाकत म्हणाली. "बोलतेय."

गोदामाचं दार उघडलं. सगळ्यात पुढे शिलाईवाली, बारकीशी, एका हातात पंप, दुसरा हात भिंतीला. तिच्या मागे एक म्हातारी, तिची सलाइनची बाटली उंच धरून तिची सून. मग काठी टेकत कुणी, मुलाच्या खांद्यावर कुणी. अंगण ओलांडायला त्यांना वेळ लागला, पण एकही थांबली नाही. वॉर्डात येऊन शिलाईवालीने एका मोकळ्या पलंगावर बैठक मारली, पंपाचा एक झुरका घेतला आणि गादी उचलणाऱ्याला म्हणाली, "घे आता. उचल. माझ्यासकट."

त्याने गादीही सोडली आणि नादही. एकेक करून सगळ्या पलंगांवर बसल्या. म्हातारीच्या सुनेने सलाइन खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या माणसाच्या हातातली चादर हिसकून घेतली.

अधीक्षकांना बोलावणं गेलं होतं. ते धावत आले तेव्हा आतोबा कोपऱ्यात फोनवर डॉक्टरीणबाईंशी बोलत होते आणि पलीकडून "मोठ्याने बोला!" असं आम्हालासुद्धा ऐकू येत होतं. शेवटी आतोबांनी फोन अधीक्षकांच्याच हातात दिला.

"हो मॅडम," अधीक्षक म्हणाले. "नाही मॅडम. छे छे, कोण म्हणालं? अँब्युलन्स निघतेच आहे. हो, मॉनिटरसकट. मेहुणे? त्यांचा काय संबंध, मॅडम?"

फोन ठेवून त्यांनी वॉर्डभर नजर फिरवली. भरलेले पलंग पाहिले. हाताची घडी घालून उभी असलेली सिस्टर पाहिली. अडकलेला माणूस वाट कशी शोधतो ते इतक्या जवळून मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी घसा खाकरला, तळवे एकमेकांवर ठेवले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "सर्वांना कळवण्यास आनंद होतो की, दुरुस्तीसाठी गेलेली आपली सर्व यंत्रं आज परत आलेली आहेत."

मधुमेहाच्या बाईने टाळ्या वाजवल्या. ती सप्लायरच्या गर्दीतलीच, सवयीने वाजवल्या असणार.

"पण साहेब," सप्लायर म्हणाला, "तुमच्या मेहुण्यांना मी काय सां…"

"दुरुस्ती उत्तम झाली आहे!" अधीक्षक गरजले. "गाद्यांचीसुद्धा!"

अँब्युलन्स अजून का आली नव्हती तेही मग कळलं. समितीसाठी तिला पांढराशुभ्र रंग दिला होता, लाल दिवा बसवला होता, पण आत बॅटरी नव्हती. बॅटरी सापडली सप्लायरच्या जनरेटरच्या गाडीत. ती त्याने निमूटपणे काढून दिली, तरी गाडी चालू होईना, तेव्हा तो आणि त्याची सगळी माणसं मागून धक्का मारायला लागली. फाटकाच्या उतारावर गाडी एकदाची गुरगुरली. मी आरशात पाहिलं तर रंगाने बरबटलेले हात वर करून सप्लायर ओरडत होता, "ताई, काळजी करू नका! वाक्यं नंतर पाठ करू!"

त्या प्रवासाबद्दल मला फार सांगता येणार नाही. मी पुढे ड्रायव्हरशेजारी होते आणि कान मागे लावून बसले होते. यंत्राचा एक टुण, मग शांतता, मग दुसरा टुण. मध्येच एकदा शांतता लांबली, सिस्टर "बाई, बाई" म्हणाली, तिने इंजेक्शन दिलं, आणि टुण परत आला.

डॉक्टरीणबाई दाराशीच उभी होती. आत्याला सरळ आत नेलं. बाहेरच्या बाकावर मी आणि आतोबा. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, प्रार्थना करताहेत. जवळ सरकून ऐकलं तर ती खडूस शेजारणीची वाक्यं होती. मग नायिकेच्या आईची. एकामागून एक आत्याच्या सगळ्या भूमिका ते बंद दाराकडे पोचवत होते, तिला आत काही आठवेनासं झालं तर असावं म्हणून. शेजारीण, आई, मावशी. प्रेताचा अंक आला तेव्हा त्यांचे ओठ थांबले, त्यांनी मान जोरात हलवली आणि तो अंक गाळून पुढचं नाटक सुरू केलं.

दार उघडून डॉक्टरीणबाई म्हणाली, "झालं. ठोके व्यवस्थित पडताहेत. आणि त्या मला विचारताहेत की त्यांचं तिसरं वाक्य राहिलं, त्याचे पैसे कापणार का."

आतोबा हसले, आणि मग रुमाल तोंडावर दाबून कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.

आत्या महिनाभरात उभी राहिली. विगला तिने माफ केलं. शिलाईवालीशी तिची घट्ट मैत्री झाली, ती आता कंपनीचे कपडे शिवते आणि दर दोन टाक्यांना आत्याला नावं ठेवते. समितीचा अहवाल आला, त्यात आमच्या दवाखान्याला उत्तम गुण होते, विशेषतः "रुग्णांचा प्रतिसाद" या बाबतीत. अधीक्षकांना बढती मिळून ते मोठ्या ठिकाणी गेले. डॉक्टरीणबाईने वेगळं मत दिलं होतं, म्हणून पुढच्या समितीवर तिला घेतलं नाही. मॉनिटर मात्र राहिले, कारण दुरुस्ती झाली असं खुद्द अधीक्षकांनीच जाहीर केलं होतं आणि ते पुन्हा बिघडवायचं धाडस नव्या अधीक्षकांना अजून झालेलं नाही. सिस्टर रोज संध्याकाळी सगळ्यांवरून फडकं फिरवते, म्हणजे मोजणी आपोआप होते.

आत्याने आणि शिलाईवालीने मिळून तक्रार केली आहे. चौकशी चालू आहे. म्हणजे तारीख पडते, या दोघी चहाचा थर्मास घेऊन जातात, आणि चौकशीचे साहेब दौऱ्यावर गेलेत असं ऐकून परत येतात. तिथल्या शिपायाशी आता त्यांची इतकी ओळख झालीय की तो त्यांच्यासाठी पंख्याखालची जागा धरून ठेवतो. परवा मात्र साहेब सापडले. नवे होते, घाईत होते. त्यांनी पेन टेबलावर ठेवून विचारलं, "हं, बोला बाई, थोडक्यात. तुमचं नेमकं म्हणणं काय?"

आत्याने थर्मासचं झाकण लावलं, पदर सारखा केला आणि सुरुवातीपासून सांगायला सुरुवात केली. सप्लायरपासून. प्रत्येकाच्या आवाजात, हातवाऱ्यांसकट. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहायचं सोडलं. दारात शिपाई येऊन उभा राहिला, त्याच्या मागे बाजूच्या खोलीतले दोघे. अधीक्षकांचं हवापालटाचं वाक्य आलं तेव्हा सगळे हसले, आणि गोदामाचं दार उघडलं तेव्हा कुणीच हसलं नाही. ती थांबली तेव्हा साहेबांनी शिपायाला सांगून दार लावून घेतलं, पेन पुन्हा उचललं आणि शिलाईवालीकडे वळून म्हणाले, "आता तुम्ही सांगा. गोदामात किती जणी होतात?"